केशरी कडं

वैजयंतीताई बाळाच्या पायात चांदीचे वाळे घालायला पाळण्यावर वाकल्या. बारसं होतं धाकू नाखवाच्या नातवाचं, खाडीकाठच्या त्याच्या घरी.

पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या ताईंनी याच खाडीत पायात 'के-सात' क्रमांकाचं केशरी कडं घालून सोडलेला चिखल्या पक्षी उन्हाळ्यात हिमालयापार जायचा. दर थंडीत तो परतला की नाखवाचा फोन यायचा. परवाही आला होता, "ताई, तुमचा के-सात आला बरं का! बारशाला या."

बाळाच्या पायात आधीच काळा दोरा होता आणि त्यात ओवलेलं केशरी कडं. ताईंनी चष्मा पुसून वाचलं. के-सात.

"तुम्ही सोडलात त्याच साली जाळ्यात गावला," बाळाची आजी कौतुकानं म्हणाली. "रस्सा काय झाला होता! कडं मात्र मी जपलं. म्हटलं, नातू कुठंबी गेला तरी पाखरासारखा घरी परत येईल."

नाखवानं मान खाली घातली. "तुम्ही दर थंडीत इतक्या आशेनं विचारायचात, 'आला का?' नाही म्हणवेना, ताई."

ताईंनी वाळे बाळाच्या उशाशी ठेवले.

"यंदा तर मी विचारलंही नव्हतं," त्या म्हणाल्या.