एकमेकांचे पेपर

"शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्या परीक्षा काही सुटत नाहीत," बायको म्हणाली. पण चष्मा लावून तिने प्रश्नपत्रिका पुढे ओढली.

करोनात शेजारच्या तळवलकरांना रुग्णालयात नेलं, तेव्हा घरच्यांना आत सोडलंच नाही. व्हेंटिलेटर लावायचा का, हे डॉक्टरांनी फोनवर विचारलं आणि त्यांच्या मुलाला काही बोलताच येईना. म्हणून मी आम्हा दोघांसाठी असे पाच प्रश्न काढले होते. उत्तरं मात्र आपली नाही, दुसऱ्याच्या मनातली लिहायची.

तिने माझ्याविषयी लिहिलेली पाचही उत्तरं बरोबर निघाली. मला यंत्रं नकोत, शेवटी घरीच राहायचंय, हे तिला ठाऊक होतं.

मग तिने माझा कागद घेतला. व्हेंटिलेटरच्या प्रश्नापुढे मी क्षणभरही न थांबता 'नको' लिहिलं होतं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तू साध्या इंजेक्शनलाही घाबरतेस. मला वाटलं..."

"घाबरते की. पण मला जगायचंय हो. लावू द्या त्यांना काय लावायचं ते."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं. तिच्यासाठी तसा फोन मला आला असता, तर मी अगदी खात्रीने नाही म्हणालो असतो.

मी कोरा कागद घेतला. "तुझ्या शब्दांत सांग. मी लिहून घेतो."

"सावकाश लिहा," ती म्हणाली, "आणि अक्षर नीट काढा. डॉक्टरांना वाचता आलं पाहिजे."