उजवा गमबूट

बाबांना मी कंपनीतले गमबूट आणून दिले होते. धरमतरच्या मिठागरात चाळीस वर्षं अनवाणी राबून त्यांच्या पायांना काटा मोडलेलाही कळेनासा झाला होता. त्यांनी बूट झोपडीत खुंटीला टांगले, ते वर्षभर तिथंच. मी रोह्याहून त्यांना भेटायला गेलो त्या रविवारी मात्र, मला बरं वाटावं म्हणून, दिवसभर घातले. संध्याकाळी उजवा बूट काढला, तर अंगठ्याला एक कोळी चिरडून चिकटला होता आणि शेजारी दोन लाल ठिपके होते. "चावला की काय?" मी विचारलं. "चावला आसंल. मना काय कळला नाय," म्हणत बाबा हसले. मीही हसलो आणि रात्रपाळीला परत गेलो. सोमवारी ते तसेच खाऱ्या पाण्यात उतरले. शुक्रवारी पाय घोट्याच्या वरपर्यंत काळा पडला, तेव्हा आईनं त्यांना पेणला दवाखान्यात नेलं. मी पोचेपर्यंत पाय गुडघ्याखाली कापला होता. "चावा तसा साधाच होता," डॉक्टर म्हणाले. "पण जखम चिघळली. दुखलं असतं तर त्याच दिवशी आले असते." बाबा शुद्धीवर येत होते. मला बघून म्हणाले, "बाला, उजवा अंगठा लय दुखतोय रं. जरा चेप." तिथं चादर सपाट होती. मी पायथ्याशी बसलो आणि चादर चेपत राहिलो.