खाली घेतलेली गाडी

"बस, आई. आता पाय उचलावाच लागणार नाही," निरंजनने कौतुकाने दार उघडलं. दुखऱ्या गुडघ्यांमुळे कुमुदिनीबाईंनी गाडीत चढणं सोडलं होतं, म्हणून लेकाने गॅरेजमधून गाडी चार बोटं खाली करून आणली होती. तिचे फोटो आधी मित्रांना गेले, मग आईला हाक आली. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही; पण लेकाला आपले गुडघे आठवले, हे काय थोडं होतं?

निरंजनच्या सासू-सासऱ्यांना घेऊन सगळे लग्नाला निघाले. गॅरेजवाल्याने मऊ स्प्रिंगा टाकल्या होत्या, त्यामुळे धक्का म्हणून बसेना. मात्र माणसं भरली की त्या दबायच्या. पहिल्याच गतिरोधकावर खालून खर्रकन आवाज आला.

"आई, जरा उतर बघू."

"मीच का रे?"

तो कानाशी पुटपुटला, "मग सासूबाईंना उतरवू? बरं दिसेल का? आणि तुला आता उतरणं सोपं केलंय ना!"

कार्यालय येईपर्यंत बाई प्रत्येक गतिरोधकाला उतरल्या, चालल्या, पुन्हा बसल्या.

पुढच्या रविवारी तीच मंडळी फिरायला निघाली, तेव्हा त्या ठेवणीतली साडी नेसून बाहेर आल्या. या खेपेला निरंजनने दार उघडलं नाही.

"तू बसलीस की घासते गं, आई. तुझ्यासाठीच खाली घेतली ना? मग तिला जपायला नको?"

फाटकातला गतिरोधक गाडीने अलगद ओलांडला. आतल्या कुणाला साधा हिसकाही बसला नाही.