अमावास्येचं तेल

बॉनेट उघडून मी सेन्सर बाहेर काढला. इंजिनात किती हवा जाते ते मोजणारी त्याची बारीक तार तेलाने बरबटली होती. चढावर पिकअप येणार कुठून?

“एअर फिल्टरला तेल कुणी लावलं, काका?”

“मीच. दर अमावास्येला लावतो. जीप विकली, पण सवय गेली नाही.” मग आवाज उतरला. “त्या दिवशी घाटात गाडी ओढेचना बघ. हॉस्पिटल गाठायच्या आतच तुझी काकू गेली. कशामुळे झालं रे असं?”

जुन्या जीपच्या फिल्टरला तेल लागायचंच. या डिझेल गाडीत तेच तेल हवेबरोबर आत जाऊन सेन्सरला बाधलं होतं.

मी सेन्सर घाईघाईने फडक्यात गुंडाळला. “पार्टच खराब निघाला. तुमचा काय दोष?”

नवा सेन्सर बसवला. काका गाडी घेऊन समोरचा चढ चढून आले, गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि घरातून तेलाची बाटली घेऊन आले. आज अमावास्या होती.

“नको, काका!” मी त्यांचा हातच धरला. “या नव्या सेन्सरला तेल चालत नाही.”

काका बाटलीचं झाकण लावता लावता थांबले.

“आणि जुन्या सेन्सरला चालत होतं?”