गरम पाक

थोरलीने कढता पाक बकलाव्यावर सावकाश, पार कोपऱ्यापर्यंत ओतला. धाकट्या जावेचा ट्रे नुकताच भट्टीतून निघाला होता. गरम बकलाव्यावर पाक गार हवा, हे त्या कॅफेतल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. गरमावर गरम पडला की मैद्याचे ते पातळ पदर भिजून बसतात, कुरकुरीतपणा गेला तो गेलाच. जायलाच हवा होता.

आज सासरे ठरवणार होते, भट्टी कोणाच्या ताब्यात द्यायची. ठरवणार कसले, ठरलेलंच होतं. लग्न होऊन आल्यापासून थोरली कॅफेच्या पुढच्या भागात उभी होती. फलाफलची सँडविचं भरायची, वेलची घातलेली कॉफी उकळायची, गिऱ्हाइकांशी हसून बोलायचं. आज ना उद्या भट्टी आपल्याकडे येईल म्हणून वाट बघायची. आणि ही धाकटी जाऊ काल-परवा घरात आली काय, पदर लाटायला शिकली काय, सासऱ्यांचं सुरू झालं, "हात बघा पोरीचा, हात!" थोरलीला काय हात नव्हते?

धाकटी दूधवाल्याला वाटेला लावून आत आली. पाकाचं रिकामं पातेलं बघून थबकली.

"तू बाहेर अडकलीस, म्हटलं तेवढाच हातभार लावू," थोरली गोड आवाजात म्हणाली.

धाकटीने पातेल्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. मग थोरलीकडे पाहिलं. पातेलं उचलून मोरीत ठेवलं. थोरलीला तेही आवडलं नाही. चांगली कडाकडा भांडली असती तर बरं वाटलं असतं.

ट्रे निवल्यावर सासरे येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. दोघं मुलगे गल्ला सोडून आले. नेहमीची गिऱ्हाइकंही माना उंचावून बघायला लागली. सासऱ्यांची परीक्षा कानाने असायची. वडी कानाशी धरून मोडायची, कुर्रकन वाजली की पास. खात मात्र नसत. आयुष्यभर तेच बघून कंटाळले असतील, असं घरच्यांना वाटायचं.

त्यांनी वडी मोडली. आवाजच आला नाही.

थोरलीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सासऱ्यांनी वडी उलटून पाहिली, दाबून पाहिली. आता बाजूला फेकणार, असं वाटलं तोच त्यांनी ती तोंडात टाकली. बराच वेळ नुसते चघळत बसले. मग दुसरी उचलली. मग आणखी एक. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कवळी बसवल्यापासून आपल्याच दुकानातली वस्तू मला खाता आली नाही," ते म्हणाले. "लोकांना खाऊ घालायची आणि आपण नुसता आवाज ऐकायचा. एवढ्या वर्षांत कोणाला सुचलं नाही, ते हिला सुचलं. धाकटे, भट्टी आजपासून तुझी."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हेसुद्धा हिच्याच नावावर! ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, पाक मी ओतलाय, मी! पण का ओतला, ते कोणत्या तोंडाने सांगणार? ती कोरडाच ओटा फडक्याने पुसत राहिली.

"बाबा, हे माझं डोकं नाही," धाकटी म्हणाली. "पाक ताईंनी ओतला. मुद्दाम गरम करून."

झालं, आता चारचौघांत शोभा! फडकं थोरलीच्या हातातच राहिलं.

"तुम्हाला चावता यावं म्हणून," धाकटी म्हणाली.

सासरे उठले. आपल्या गळ्यातला भट्टीवरचा एप्रन काढून त्यांनी थोरलीच्या गळ्यात घातला. "अगं, भट्टीतलं एवढं कळतं, हे इतकी वर्षं बोलली का नाहीस?" एवढंच त्यांना म्हणता आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात धाकटीने.

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. आता मेलीवर जळायचीसुद्धा सोय उरली नव्हती.