झोपेतला जुळा

मऊ गादीवर एक तांबूस कुत्रा झोपला होता.

"ताई, हा आमच्या एका ग्राहकाच्या कुत्र्याचा जुळा, त्याच्याच पेशीपासून बनवलेला," विमा कंपनीचा हेमंत राजहंस म्हणाला. "त्यांच्या कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी झालं, की याचं काढून त्याला बसवायचं. बाकीच्या कंपन्या जुळे जागे ठेवतात, पिंजऱ्यात. आमचे जन्मापासून झोपेत. त्यांना काही कळत नाही. वीजसुद्धा सगळी सौर."

जुळ्यांना काही कळत नाही, म्हणूनच सुलभाताई इथे आल्या होत्या. घरी त्यांचा कुत्रा गबरू म्हातारा होत चालला होता. यंदा विमा काढला नाही, तर पुढे कुणीच काढून देणार नव्हतं.

"हाक मारली तर?"

"शिट्टी, घंटा, इंग्रजी हुकूम, सगळं तपासलंय. ढिम्म हलत नाहीत."

सुलभाताई खाली वाकल्या. कुठलंही कुत्रं दिसलं की त्यांच्या तोंडून जे निघायचं, तेच आत्ताही निघालं. "यू, यू, यू."

कुत्र्याचे डोळे मिटलेलेच राहिले. शेपटी मात्र हळूच गादीवर आपटली. मग पुन्हा.



"विमा राहू दे," सुलभाताई म्हणाल्या. "याला उठवता येतं का?"

"माहीत नाही," हेमंत शेपटीकडे बघत म्हणाला. "आजवर कुणी विचारलंच नाही."