एका बैठकीत

"आणि एका कवीने तर, सर, आयुष्यभर समुद्रावर गीतं लिहिली, आणि समुद्र म्हणून कधी पाहिलाच नव्हता!" गायनमंडळाचा प्रमुख स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन हसला. चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या गीतांच्या जन्मकथांचं तो पुस्तक करत होता, आणि अशा गमतीजमती त्याच्याकडे पोतंभर होत्या. कुणी चोरीच्या शिक्षेत कोठडीत बसून क्षमेचं गीत लिहिलेलं, कुणाच्या गीताची चाल मुळात दारूच्या गुत्त्यातली. शेवटचं प्रकरण त्याने या घरासाठी राखून ठेवलं होतं.

म्हातारे गीतकार खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. कौतुक म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि हा त्यांचा जुना विद्यार्थी त्यांना सकाळपासून हरभऱ्याच्या झाडावर चढवत होता. खिडकीशी त्यांची बायको त्यांच्या कोटाला बटण शिवत बसली होती. दुसऱ्यांच्या गीतांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. आपल्या घरातल्या गीताची गोष्ट निघाली की चिमीचं नाव निघेल, एवढ्यासाठीच ती तिथे बसली होती. हल्ली ते नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं.

चिमी त्यांची मुलगी. लहानपणीच तापाने गेली. "तुम्ही तिच्याजवळ बसा," असं नवऱ्याला सांगून आई डॉक्टरला आणायला धावली होती, आणि परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. "झोपेतच गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही," असं त्यांनी तिला दारातच सांगितलं होतं. त्या एका वाक्याच्या आधारावर बाईने पुढचं सगळं आयुष्य काढलं. गीत त्यानंतर लोकांसमोर आलं. गावात कुणीही गेलं की तेच म्हटलं जायचं, आणि बाई डोळे मिटून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणायची.

"काकू, खरं सांगतो," प्रमुख तिच्याकडे वळला, "अख्ख्या गीतपुस्तकात अशी ओळ नाही. सरांची बाकीची गीतं म्हणजे नुसते करुणासागर आणि दयाघन. रागावू नका हं, सर! आणि इथे एकदम घरातलं बोलणं. 'पाणी दे ना देवा, मला उठवत नाही.' अंगावर काटा येतो. हे सुचलं कसं, सर?"

"सुचलं नाही," गीतकार म्हणाले. "मिळालं."

प्रमुखाने पेन उघडलं.

"लोक म्हणतात, मुलगी गेल्याच्या दुःखात लिहिलं. मीही म्हणू दिलं. पण पुस्तकात खरं यावं." त्यांचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. "ही डॉक्टरकडे गेली होती. मी बाहेरच्या खोलीत टेबलाशी. कितीतरी दिवस त्या गीताची एक ओळ धड येत नव्हती. आणि आतून चिमीची हाक आली, 'पाणी दे ना बाबा, मला उठवत नाही.' जशीच्या तशी! मी फक्त 'बाबा' काढलं आणि 'देवा' घातलं. मात्रा चारच्या चारच. तुला सांगतो, मग हात थांबलाच नाही. पाचही कडवी, एका बैठकीत!"

"एका बैठकीत! वा!" प्रमुखाने तेवढं मोठ्या अक्षरात लिहिलं.

सुई बाईच्या हातातच राहिली.

"चिमी जागी होती?"

"अगं, ग्लानीत होती."

"पण पाणी मागितलं तिने."

"एकदाच. फार नाही."

"आणि तुम्ही गीत एका बैठकीत लिहिलंत. म्हणजे मध्ये उठलाच नाहीत?"

प्रमुखाचं पेन थांबलं. गीतकारांनी त्याच्याकडे पाहिलं, जणू उत्तर त्याला येत असावं.

"एवढी ओळ लिहितो आणि उठतो, असंच ठरवलं होतं मी." चढलेला आवाज पार खाली आला होता. "तर तिच्यामागून दुसरी आली. मग तिसरी. उठलो असतो तर गेल्या असत्या गं सगळ्या. आणि ती परत काही बोलली नाही. मला वाटलं, झोप लागली तिला."

बाईला रडू आलं नाही. तिला नवऱ्याची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. इतकी वर्षं, इतक्या लोकांच्या शवपेटीपाशी उभं राहून, ती आपल्याच लेकीची हाक सुरात म्हणत आली होती. ती हाक देवाला नव्हतीच. ज्याला होती तो भिंतीपलीकडे मात्रा मोजत बसला होता.

प्रमुख चुळबुळला. झाडावर चढवलेल्या माणसाला खाली कसं उतरवायचं, ते काही त्याला ठाऊक नव्हतं.

"काकू, हे... हे आपण नको घालूया का पुस्तकात?"

"का नको? खरं यावं म्हणतात ना ते." बाई कोट खुर्चीवर टाकून उभी राहिली. "ओळ माझ्या चिमीची आहे, तिचं नाव घाला. आणि शेवटच्या कडव्यात देव पाण्याचा पेला घेऊन तिच्या उशाशी येतो ना, ते यांनी मनाने रचलंय, असंही लिहा. तसं कुणी आलं नव्हतं."